संथ पाण्यातली कोलांटी

मागच्या वेळी आपण ‘माहीत असणं’ आणि ‘येणं’ या दोन क्रियापदांपाशी थांबलो होतो. हा फरक दाखवून द्यायला इंग्रज तत्त्वज्ञांना ग्रंथ लिहावे लागले. मराठीत तो घरातल्या बोलण्यातच आहे. ‘मला पोहणं माहीत आहे’ असं आपण म्हणत नाही, ‘मला पोहता येतं’ असं म्हणतो. भाकरी थापता येते, सायकल येते, तबला येतो. पानिपतची लढाई मात्र माहीत असते, ती कोणाला ‘येत’ नाही. (परीक्षेच्या आदली रात्र सोडून द्या.)

प्रश्न असा उरला होता की, या ‘येण्या’ला ज्ञान म्हणायचं की नुसती सवय? वरवर पाहिलं तर हा शब्दांचा कीस वाटेल. पण गवंडी, सुतार, सुईण, शिंपी यांच्यापाशी जे असतं ते ज्ञान नव्हे, ते आपलं ‘हातचं काम’, असं एकदा ठरलं की त्यांचा मोबदला, त्यांचा मान आणि शाळेतल्या वेळापत्रकातली त्यांची जागा सगळं त्या हिशेबाने ठरतं. शनिवारचा शेवटचा तास हस्तव्यवसायाला का असायचा, याचं उत्तर या प्रश्नात आहे. तेव्हा आज आपण हा प्रश्न एका उदाहरणावर घासून पाहू. उदाहरण थोडं अनोळखी आहे: कायाक नावाची होडी, तिच्यावर केल्या जाणाऱ्या कसरती, आणि त्याही खळाळत्या नदीत नव्हे, तर संथ पाण्यात.

सत्तरी ओलांडलेल्या आम्हा मास्तरांना हे कुठून सुचलं, असं मनात येणं साहजिक आहे. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात कायाकचे क्लब पोहण्याचे बंदिस्त तलाव संध्याकाळपुरते भाड्याने घेतात आणि तिथे सराव करतात. आमचा तिकडे मुक्काम असताना असे काही सराव आम्ही काठावर बसून पाहिले, शिकवणाऱ्यांना प्रश्न विचारून थोडा त्रासही दिला. पाण्यात उतरलो नाही. म्हणून पुढे जे सांगणार आहोत ते पाहिलेलं, विचारलेलं आणि वाचलेलं आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. कायाक म्हणजे एका माणसाची, वरून बंद असलेली होडी. वरच्या भोकातून पाय आत सरकवायचे आणि ते पुढे पसरून बसायचं. कमरेभोवती एक जाड, ताणला जाणारा पडदा असतो, त्याला स्प्रेस्कर्ट म्हणतात. तो भोकाच्या कडेला घट्ट बसवला की पाणी आत येत नाही. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. फ्रीस्टाइलसाठी वापरतात ती होडी जेमतेम सहा फुटांची, म्हणजे उंच माणसाएवढी. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना चपटी. पावलं, गुडघे, मांड्या आणि कंबर आत अशी अडकवलेली असतात की कमरेचा झोका जाईल तिकडे होडी जाते. माणूस होडीत बसतो असं म्हणण्यापेक्षा तो होडी नेसतो असं म्हटलेलं जास्त बरोबर.

स्पर्धा होतात त्या नदीत. पाणी खडकावरून किंवा बांधावरून खाली पडतं आणि उलटं वळून स्वतःवरच कोसळत राहतं, त्या जागी होडी अडकून राहते, वाहून जात नाही. त्या जागेत ४५ सेकंदांत जेवढ्या कसरती करता येतील तेवढ्या करायच्या आणि पंचांनी गुण मोजायचे. २०१९ साली स्पेनमधल्या सॉर्ट गावात आणि २०२२ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला जागतिक स्पर्धा झाल्या त्या याच धर्तीच्या. तिथे अर्ध्याहून जास्त काम नदी करते. टोक जरासं खाली दिलं की धावतं पाणी त्याच्यावर बसतं आणि होडी आपोआप उभी राहते. खेळाडूने फक्त नदीच्या जोराला वाट करून द्यायची.

संथ पाणी असलं काही करत नाही. ते ढकलत नाही, ओढत नाही, कोणाची बाजू घेत नाही. तळं असो, धरणाचा फुगवटा असो की पोहण्याचा तलाव, जो काही जोर लागेल तो खेळाडूच्या कमरेतून आणि वल्ह्यातून यायला हवा. म्हणून नदीत जी कसरत दोन दिवसांत साधते ती संथ पाण्यात दोन महिने घेते. मग लोक ती तिथे का शिकतात? एक कारण अगदी व्यवहारातलं: खळाळतं पाणी रोज हाताशी नसतं. आपल्याकडे कोलाडला कुंडलिका नदी सकाळी वीजकेंद्रातून पाणी सुटतं तेव्हाच राफ्टिंगजोगी होते, बाकी वेळ ती शांत असते. दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. नदीत कसरत फसली तर ‘लाट बरोबर आली नाही’ असं म्हणायला जागा असते. संथ पाण्यात ती जागा नाही. कालचं पाणी आणि आजचं पाणी एकच. फरक पडला तो माणसात पडला. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलतात, तशी ही कौशल्याची प्रयोगशाळा आहे.

थोडं गणित करू, म्हणजे काय साधायचं आहे ते डोळ्यांसमोर येईल. माणूस, होडी आणि सामान मिळून ८५ किलो धरा. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे तरंगायला ८५ लिटर पाणी बाजूला सारलं गेलं पाहिजे. होडीचं एकूण आकारमान २२० लिटर धरू. आता ही होडी पुढच्या टोकावर सरळ उभी केली, तर ती अर्धी, म्हणजे ११० लिटर, बुडणारच नाही. ८५ लिटर बुडाली की थांबेल. पाण्याची रेषा खेळाडूच्या गुडघ्यांच्या आसपास येईल आणि तो माणूस पाण्याच्या वर, पावलांवर उभा असल्यासारखा दिसेल. याला बो स्टॉल म्हणतात. वजन वर, आधार खाली: तळहातावर उभी काठी तोलण्याचाच हा प्रकार, फक्त काठीच्या जागी आपण स्वतः.

हे गणित आपल्याला दोन मिनिटांत कळलं. ते कळल्यामुळे इथे बसलेल्या कोणालाही बो स्टॉल आलेला नाही. आजचा प्रश्न नेमका याच फटीत आहे.

शिकण्याचा क्रम पाहिला तर पहिला धडा कसरतीचा नसतोच. पहिला धडा बाहेर पडण्याचा. होडी उलटी करायची, डोकं खाली, पाय वर, नाकात पाणी, अंधार. पुढे वाकून पडद्याची पट्टी हाताने शोधायची, ती ओढायची आणि पायजमा काढावा तशी होडी अंगातून काढून वर यायचं. याला काही सेकंद लागतात. पहिल्यांदा ते सेकंद फार मोठे असतात, असं प्रत्येकाने आम्हाला सांगितलं. हा धडा नीट झाल्याशिवाय शहाणा शिक्षक पुढे जात नाही, आणि का जाऊ नये याचं एक तात्त्विक कारण आहे. त्याकडे पुढे येऊ.

दुसरा धडा रोल, म्हणजे होडीतून बाहेर न पडता, उलट्या अवस्थेतून कमरेच्या झटक्याने पुन्हा सरळ होणं. आणि इथे एक मोठी गंमत आहे. पाण्याखाली उलट्या लटकलेल्या माणसाला सर्वांत आधी काय करावंसं वाटतं? डोकं वर काढावंसं वाटतं. श्वास तिथे आहे. पण माणसाचं डोकं चार-पाच किलोचं, आणि ते आपण बाजूने आधी उचललं की कंबर नेमकी उलट दिशेने खेचली जाते, होडी पुन्हा अंगावर येते आणि डोकं पुन्हा पाण्यात. रोल साधायचा तर आधी कंबर फिरवून होडी सरळ करायची, मग धड, आणि डोकं सगळ्यांच्या शेवटी, जणू ते आपलं नाहीच. ज्याला श्वास हवा त्याने श्वासाकडे पाठ फिरवायची. तलावाच्या काठाला हात धरून, एक कान पाण्याला टेकवून, नुसती कंबर हलवून होडी उलटसुलट करण्याचा सराव तासन्‌तास चालतो तो यासाठी. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधायचे, तसाच हा काठ. भीतीला तात्पुरता टेकू.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. हीच गोष्ट ग्रीकांच्या एका जुन्या विनोदसंग्रहात उलट्या बाजूने आहे: एक पंडित बुडता बुडता वाचतो आणि शपथ घेतो की, पोहायला येईपर्यंत पाण्यात पाऊल टाकणार नाही. हेगेलने हा पंडित कान्टच्या विरोधात वापरला. ज्ञान मिळवण्याआधी ज्ञानाची साधनं तपासून घ्यावीत, हे कान्टचं म्हणणं त्या पंडितासारखंच आहे, असा त्याचा टोला. कान्टवर तो अन्याय आहे असं आमचं मत आहे, पण विनोद चांगला आहे.

आता तत्त्वज्ञांचं म्हणणं. गिल्बर्ट राइल यांनी १९४५ साली एका व्याख्यानात आणि मग १९४९ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात मांडलेला युक्तिवाद असा: समजा, कोणतीही गोष्ट नीट करणं म्हणजे आधी मनात नियम आठवणं आणि मग तो अमलात आणणं. पण नियम आठवणं हीसुद्धा एक कृती आहे. तीही नीट किंवा वेडीवाकडी होऊ शकते. मग ती नीट होण्यासाठी आणखी एक नियम हवा, त्याच्यासाठी आणखी एक. आपल्या नैयायिकांनी याला अनवस्था म्हटलं असतं. म्हणून राइलचा निष्कर्ष: करता येणं हे माहीत असण्याचं पोर नव्हे, ते स्वतंत्र आहे. याच्या उलट, २००१ साली स्टॅन्ली आणि विल्यमसन या दोघांनी मांडलं की, करता येणं हेसुद्धा शेवटी एक प्रकारचं माहीत असणंच आहे: ‘ही गोष्ट अशा रीतीने करता येते’ हे स्वतःच्या संदर्भात, कृतीच्या अंगाने माहीत असणं. वाद अजून चालू आहे.

रोलचा इतिहास या वादात दोन्ही पक्षांची अडचण करतो. कायाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची. ग्रीनलंडचे शिकारी सीलच्या कातड्याचा अंगरखा घालायचे आणि तो होडीच्या भोकाला आवळून बांधायचे. त्या गोठणाऱ्या पाण्यात होडीबाहेर पडणं म्हणजे मरणच, त्यामुळे रोल येणं ही कसरत नव्हती, उपजीविकेची अट होती. बापाकडून मुलाकडे, अंगाकडून अंगाकडे ते गेलं. राइल खूश होतील. पण युरोपात पहिल्यांदा रोल साधला तो १९२७ साली, ऑस्ट्रियातल्या वाइसनझे या सरोवरात, हान्स पावलाटा नावाच्या माणसाने. आणि तो शिकला होता ध्रुवप्रदेशाच्या प्रवासवर्णनांतून. म्हणजे पुस्तकातून! शेजारी उस्ताद नाही, हात धरणारा कोणी नाही, फक्त छापील वाक्यं आणि एक संथ सरोवर. मग वाक्यांना काहीच किंमत नाही असं कसं म्हणणार? पुढे १९३० च्या सुमारास ग्रीनलंडला गेलेले इंग्रज संशोधक जिनो वॉटकिन्स तिथल्या लोकांकडून प्रत्यक्ष शिकले, आणि ते त्यात चांगलेच तयार झाले होते. १९३२ साली ते एकटे कायाकमधून शिकारीला गेले. रिकामी होडी सापडली, ते सापडले नाहीत. वय पंचवीस.

आमचं मत असं. ‘डोकं शेवटी’ हे वाक्य खरं आहे, आणि ते नुसतं ऐकून कोणालाही रोल येत नाही. इथवर राइल बरोबर. पण हे वाक्य नसतं तर शरीर आपल्या उपजत बुद्धीने शंभर वेळा डोकंच आधी उचलेल, आणि शंभर वेळा केलेल्या चुकीचा सराव पक्का होईल. शरीराला आपोआप सगळं कळतं, त्याच्यावर सोपवा, असं सांगणारे लोक हल्ली फार झाले आहेत. त्यांनी एकदा उलटं लटकून पाहावं. इथे उपजत प्रेरणाच चुकीची आहे आणि तिला अडवणारी एकमेव गोष्ट म्हणजे कोणीतरी सांगितलेलं वाक्य. वाक्य अंगात जागा मिळवेपर्यंत ज्ञान होत नाही, पण अंगाला वळण लावायला वाक्य लागतं.

आता कसरतींकडे जाऊ. संथ पाण्यातली पायाभूत कृती म्हणजे डबल पंप, दोन झटके. होडी समजा उजव्या कडेवर कलती करायची. कलती का? कारण होडीचा सपाट पृष्ठभाग पाण्यावर दाबला तर परात दाबल्यासारखा तो विरोध करतो. कडेवर धरली तर सुरीसारखी आत शिरते. मग उजवीकडेच वल्ह्याचं पातं पाण्यात घालून पहिला झटका पुढे जाण्याचा: शरीर जरा मागे, होडीचं पुढचं टोक वर उचललं जातं. ते वर आहे तोवरच दुसरा झटका: त्याच पात्याच्या पाठीने पाणी दाबायचं आणि छाती पुढे टाकायची. टोक पाण्यात शिरतं, मागचं टोक आकाशात जातं. खाली जाण्यासाठी आधी वर का? मुसळ उचलल्याशिवाय कांडण होत नाही, म्हणून.

दोन झटक्यांमधला क्षण फार लहान आहे, आणि होडी किती कलवायची हे कोणी अंशांत सांगू शकत नाही. कमी कलली तर टोक बुडत नाही, जास्त कलली तर माणूस आडवा होतो. प्रत्येकाचं वजन निराळं, कमरेची लवचीकता निराळी. काठावरून शिक्षक ओरडतो, “अजून थोडी!” हे ‘थोडी’ म्हणजे किती? भाजीत मीठ ‘चवीपुरतं’ घालायला सांगणाऱ्या आजीसारखंच आहे हे. त्यात आळस नाही. ते माप फक्त शिकणाऱ्याच्या बाजूनेच भरता येतं.

डबल पंप साधला की कार्टव्हील. पुढचं टोक खाली, मागचं वर; मग मागचं खाली, पुढचं वर; होडी कडेवर राहून चाकासारखी फिरत राहते आणि मध्ये आसासारखा माणूस. यात खांदे आणि डोकं आधी वळवायचं, जिकडे जायचं तिकडे आधी पाहायचं. धडाला ओल्या कपड्यासारखा पीळ बसतो आणि तो पीळ सुटताना खालची होडी मागोमाग येते. लक्षात आलं? रोलमध्ये डोकं शेवटी, इथे डोकं सगळ्यांत आधी. दोन्ही नियम खरे. दोन्ही एकाच होडीत, कधी कधी एकाच मिनिटात लागू होतात, कारण कार्टव्हील फसली की माणूस उलटाच होतो आणि लगेच रोल करावा लागतो. मग आत्ता कोणता नियम लावायचा, हे सांगणारा तिसरा नियम कुठे आहे? नाही. कान्टने हे स्वच्छ सांगितलं आहे की, नियम शिकवता येतात, पण समोरची गोष्ट कोणत्या नियमात बसते हे ओळखण्याची शक्ती शिकवता येत नाही, ती फक्त सरावाने घडते. वैद्य आणि न्यायाधीश यांची उदाहरणं त्याने दिली. आपण त्यांच्या शेजारी ओला झालेला एक कायाकपटू बसवू.

सरावाबद्दल एक गैरसमज सर्वत्र दिसतो: सराव म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, ठशासारखी. निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मॉस्कोतल्या श्रमसंस्थेत कामगारांच्या हातोड्याच्या घावांचं चित्रण केलं. सराईत कामगाराचा घाव दर वेळी नेमका त्याच जागी बसतो, पण खांदा, कोपर आणि मनगट दर वेळी थोडी वेगळी वाट घेतात, असं त्याला दिसलं. हात ठसा उमटवत नव्हता; तो दर वेळी त्याच प्रश्नाचं उत्तर नव्याने काढत होता. बर्नस्टाइनने याला पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती म्हटलं. त्याचं दुसरं निरीक्षणही इथे बसतं: नवशिका आपले सांधे गोठवून टाकतो, हलवायच्या गोष्टी कमी करतो, कारण सगळं एकदम सांभाळता येत नाही. तलावात नवीन माणूस ताबडतोब ओळखू येतो. त्याचं धड लाकडी असतं आणि फक्त हात चालतात. दोन-चार महिन्यांनी कंबर सुटते.

आता ज्याच्यासाठी आम्ही हे उदाहरण निवडलं, तिकडे येऊ. वैशेषिक दर्शनात ‘संस्कार’ नावाचा एक गुण मानला आहे. प्रशस्तपादांनी त्याचे तीन प्रकार सांगितले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे सुटलेल्या बाणाला पुढे नेत राहणारा. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी पुन्हा सरळ करणारा. आणि भावना म्हणजे अनुभवाने आत्म्यात उरलेला ठसा, ज्यातून स्मरण होतं. बाण, फांदी आणि आठवण यांना एका नावाखाली आणणं आधुनिक वाचकाला विचित्र वाटतं. आम्हालाही विद्यार्थिदशेत वाटायचं. पण पाहा, तिघांत समान काय आहे? कारण संपून गेल्यावरही त्याचा परिणाम वस्तूत टिकून राहणं, आणि योग्य वेळी पुन्हा कामाला येणं.

आता संथ पाण्यातली कोलांटी पाहा, म्हणजे लूप. खेळाडू बो स्टॉलवर उभा आहे, पाण्याची रेषा गुडघ्यांशी. तो थोडा उसळून स्वतःला खाली सोडतो. होडी तिच्या ८५ लिटरच्या खाली बुडते. समजा १०५ लिटर पाण्याखाली गेले. म्हणजे २० लिटर जास्तीचं पाणी सारलं गेलं, आणि वीस किलो वजनाइतका जोर तिला वर ढकलू लागला. हा झाला स्थितिस्थापकाचा भाऊ. (काटेकोर नैयायिक म्हणेल की ताण पाण्यात आहे, होडीत नाही. मान्य.) होडी वर उसळते, वेग घेते. तो वेग पुरता भरला की पायांनी उडी मारायची, पुढे घडी घालायची, आणि होडी टाचांमागून डोक्यावरून फिरून समोर पडते. अवघड काय आहे? उडी नव्हे, थांबणं. बुडताना प्रत्येकाला घाई होते. पाण्याने आपलं काम संपवण्याआधीच माणूस घडी घालतो आणि कोलांटी अर्ध्यावर पाण्यात कोसळते. किती थांबायचं, हे ज्याच्यात साठलं आहे ती भावना. एका कोलांटीत प्रशस्तपादांचे तिन्ही संस्कार एका सेकंदात कामाला लागतात.

आणि भावना पक्की कशाने होते याची त्यांनी तीन कारणं दिली आहेत: पटू, अभ्यास आणि आदर. पटू म्हणजे ठळक, धक्का देणारा अनुभव. त्यांचं उदाहरण मोठं मजेदार आहे, दक्षिणेकडच्या माणसाने पहिल्यांदा उंट पाहणं. एकदाच पाहतो, जन्मभर विसरत नाही. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा होणारा अनुभव. आणि इथे त्यांनी विद्या आणि शिल्प यांच्या बरोबरीने व्यायाम हा शब्द घातला आहे. एकाच दमात, एकाच पंगतीत. ज्ञान वर आणि अंगमेहनत खाली, अशी मांडणी त्या जागी तरी नाही. तिसरा आदर, म्हणजे लक्ष लावून, जपून घेतलेला अनुभव.

मघाशी राहिलेलं तात्त्विक कारण ते हेच. पहिल्यांदा उलटं होणं हा प्रत्येकाचा उंट आहे. तो ठसा एकदाच पडतो आणि खोल पडतो. त्या वेळी शिकणाऱ्याला घाबरवलं, गंमत म्हणून न सांगता उलटं केलं, तर ती भीतीसुद्धा संस्कारच होते आणि पुढचे शंभर सराव तिच्याशी भांडण्यात जातात. ‘ढकलून द्या, आपोआप शिकेल’ ही शिक्षणपद्धती आपल्याकडे विहिरींवर फार चालली. तिने काही पोहणारे घडवले. पाण्याला जन्मभर भिणारे किती घडवले ते कोणी मोजलं नाही.

दोन-तीन गोष्टी या खेळाकडे खरोखर वळणाऱ्या तरुणांसाठी. उथळ पाण्यात टोक बुडवायचं नाही. होडीची अर्धी लांबीच तीन फूट आहे, वर उसळी मारताना ती आणखी खाली जाते, आणि उलटं झालेलं डोकं तळाच्या दिशेने असतं. तलावाचा उथळ भाग म्हणूनच धोक्याचा. खांदा या खेळात सर्वांत जास्त दुखावतो: हात डोक्यामागे ताणून वल्हं मारू नये, वल्हं नेहमी छातीसमोर ठेवावं आणि मागे पोहोचायचं तर सगळं धड वळवावं. हेल्मेट हवं. आणि शेजारी होडीत बसलेला एक जाणता माणूस हवा, नेहमी.

शेवटचा मुद्दा डाव्या बाजूचा. उजवीकडे डबल पंप उत्तम येणाऱ्या माणसाला डावीकडे करायला सांगा. बहुतेक वेळा तो नवशिक्यासारखा गडबडतो. सगळे नियम त्याला माहीत आहेत, पाणी तेच, होडी तीच, आणि दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या. नुसतं माहीत असणं पुरेसं असतं तर डावी बाजू फुकट मिळायला हवी होती. उलट, कौशल्य ही नुसती स्नायूंची सवय असती तर डावी बाजू शिकायला पहिल्याइतकेच महिने लागायला हवे होते. तसंही होत नाही. ती बरीच लवकर येते. म्हणजे उजवीकडून डावीकडे काहीतरी पोहोचलं, पण सगळं नाही. जे पोहोचलं ते काय? वाक्य? लय? थांबण्याची हिंमत? स्पर्धेचे पंच डावी आणि उजवी कसरत वेगवेगळी मोजतात. ग्रीनलंडमध्ये रोलच्या स्पर्धा होतात, संथ थंडगार पाण्यात. वल्ह्याने, फक्त हाताने, हातांची घडी घालून, शेवटी हातात दगड धरून रोल करायचे असतात, आणि तिथेही दोन्ही बाजू करून दाखवाव्या लागतात.

या डाव्या बाजूवर पुढच्या व्याख्यानात बोलू, तेव्हा उदाहरण तबल्याचं घेऊ, कारण तिथे डाव्या हाताला त्याचं स्वतःचं वाद्यच आहे. आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.